यांनी आवळलेला प्रेस

२ जानेवारी

प्रिय वहिनींस,
सा. न. वि. वि.

निवृत्त होऊन दोन महिने झाले. तीस वर्षं बस चालवली, आता मला घरात कुठे उभं करावं हे सौ.ला कळत नाही. म्हणते, आगारात लावून यायची सोय असती तर बरं झालं असतं. लेक रोज फिरायला पिटाळते. नात मात्र खूश आहे, तिला फुकटात वाहन मिळालंय.

पत्राचं कारण असं, की अठ्ठाविसाला आमचा दहावीचा वर्ग शाळेत जमतोय. वर्गाचं हस्तलिखित मी डिंकाकडे बांधायला दिलं होतं. (माफ करा, तुमचे यजमान आमच्यासाठी अजून डिंकच.) तो गेल्यावर मागायला जीभ रेटली नाही. तयार नसेल तर सुटी पानंही चालतील.

तुमच्या मायेतला,
उंट

९ जानेवारी

उंटभाऊजींस,
सप्रेम नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. हस्तलिखित समोरच आहे आणि तोच घोटाळा आहे. यांनी शेवटच्या दिवशी सकाळी ते शिवलं, पुस्तकं दाबायच्या प्रेसमध्ये घातलं, चाक आवळलं आणि म्हणाले, उद्या काढू. तो उद्या अडीच वर्षांत आलेला नाही.

दुकान मी चालवते. पुस्तकं दोन फळ्यांत घालून वर दगड ठेवते, पण प्रेसला हात लावत नाही. त्या चाकावर शेवटचा जोर यांच्या हाताचा आहे. सैल केलं की गेला. गिऱ्हाइकं वेडी म्हणत असतील, म्हणू देत.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं बांधायला आलेल्या पुस्तकांतून वाचलं. हे ओरडायचे, अगं, शिवायचंय की वाचायचंय? तुमचं हस्तलिखित तेवढं वाचू दिलं नाही. म्हणाले, माझी कविता आहे त्यात, बांधून झालं की बघ.

थोडे दिवस द्या. सौ.ना सांगा, गाडी दारात लावा, वाटेत नको.

माया आहे, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची वहिनी

२१ जानेवारी

उंटभाऊजींस,
सप्रेम नमस्कार.

काल दुपारी चाक फिरवलं. गंजलं होतं. तेल घातलं, दोन्ही हातांनी ओढलं. रडले नाही, घाम मात्र आला.

बांधणी पक्की आहे, पण आठ पानांची एक घडी उलटी शिवली गेलीय, डोकं खाली. चाळीस वर्षांत यांच्या हातून असं कधी झालं नाही. हात तेव्हाच थरथरत असणार, मला बोलले नाहीत. नेमकी त्याच पानांत यांची कविता आहे. विषय, बाकातले ढेकूण. एवढ्यासाठी मला थांबवलं होतं!

पुस्तक सोबत पाठवते. भेट झाली की परत करा, उसवून सरळ करून देईन.

आहात तसेच राहा.
तुमची वहिनी

३० जानेवारी

प्रिय वहिनींस,
सा. न. वि. वि.

पुस्तक परत मिळणार नाही. बावीस जण आलो होतो. ते हातोहात फिरलं. वाचणाऱ्यानं पुस्तक उलटं धरलं की सगळा वर्ग ओरडायचा, डिंक आला! बावीस वेळा आला. उसवायचं नाही असं एकमतानं ठरलं. सौ.चं मत, वर्गात नसूनही, सगळ्यांत मोठ्यानं होतं.

सोबत नातीची चित्रं पाठवतो, बांधून हवीत. फळ्या आणि दगड चालणार नाहीत. प्रेसमध्येच घाला, आणि चाक तुम्ही आवळा. न्यायला आम्ही सगळेच येतो.

तुमच्या मायेतला,
उंट