न कालवलेल्या ताटाचा वारसा

लिहून ठेवतो मी, महिपत धोंडीबा शेलार, वय सत्तावन्न पूर्ण, वागळे इस्टेटमधल्या गेज बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर, राहणार कोपर, डोंबिवली पश्चिम, असे की: येत्या गुरुवारी, १६ जानेवारी रोजी, ठाण्यातल्या एका रुग्णालयात माझी बायपास शस्त्रक्रिया व्हायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. माल पास करताना मीही हेच म्हणतो, आणि तरी शंभरात दोन नग परत येतात. म्हणून हे मृत्युपत्र.

मी पूर्ण शुद्धीत आहे. पुरावा: आज सकाळी आठ वाजता काकडीची एक चकती नुसती बघून २.६ मिलिमीटर सांगितली, व्हर्नियरवर २.६ च भरली. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. सौ. कलावती दर दहा मिनिटांनी दारात येऊन 'अहो, आवरा' म्हणते आहे, तो दबाव धरू नये.

१. राहता फ्लॅट, बँकेतल्या ठेवी आणि कारखान्यातून येणारी सर्व रक्कम माझी पत्नी सौ. कलावती हिला. यावर वाद नाही. ज्यावर वाद नाही ते कलम लहान असावं.

२. आता मुख्य मिळकत. न्यायालयाला कल्पना नसेल म्हणून सांगतो, मी सॅलडची मांडणी करतो. सॅलड करतो असं म्हणत नाही. काकडी-टोमॅटो चिरून मीठ भुरभुरवणारे डोंबिवलीत घरोघर आहेत. मांडणी म्हणजे सागवानी पाटावर प्रत्येक जिन्नस आपल्या जागी, आपल्या जाडीत, आपल्या वर्तुळात. मधोमध बीट, त्याभोवती मुळा, मग पेरू, उकडलेले वाल, मोडाचे मूग, सगळ्यात बाहेर काकडी. एक जिन्नस दुसऱ्याला टेकत नाही. ड्रेसिंग तांब्यात, वेगळं. चैत्रात कैरी-गुळाचं, आखाडात चिंच-लसणाचं, संक्रांतीला भाजलेल्या तिळाचं. विकतची बाटली माझ्या घरात आजवर आलेली नाही. एकदा मुलगा विनीतने आणली होती, ती मी बेसिन धुवायला वापरली.

हे मला कोणी शिकवलेलं नाही. २०१४ साली आमच्या सुपरवायझरच्या निरोपाची पार्टी घोडबंदर रोडच्या एका हॉटेलात होती. तिथे असं एक ताट पाहिलं. सगळे जेवायला बसले, मी खिशातली सहा इंची पट्टी काढून चकत्या मोजल्या. दोन मिलिमीटरपासून पाचपर्यंत, काही ताळमेळ नाही. मला वाटलं, एवढ्या मोठ्या हॉटेलात हे चालतं, तर आपण का करू नये. तेव्हापासून अकरा वर्षं आमच्या सोसायटीचं हळदीकुंकू असो, आखाडपार्टी असो, की देवराम म्हात्रेच्या वाडीवरची पोपटी, ताट माझं. (पोपटी म्हणजे हिवाळ्यात वालाच्या शेंगा, अंडी, चिकन मडक्यात पाल्यासकट भाजतात ती.) यंदाची पोपटी १९ तारखेला, रविवारी आहे. त्या दिवशी मी एकतर रुग्णालयात असेन किंवा कुठेच नसेन. ताट कोणी मांडायचं, आणि यापुढे कायमचं कोणी मांडायचं, हाच या मृत्युपत्राचा खरा प्रश्न आहे. बाकीचं कलम एकमध्ये संपलं.

३. अवजारं पुढीलप्रमाणे. पॉवर हॅकसॉच्या तुटक्या ब्लेडपासून मी स्वतः ग्राइंड केलेल्या तीन सुऱ्या. एक व्हर्नियर. एक पितळी गेज, ज्याला दोन खाचा आहेत. चकती पहिल्या खाचेतून गेली पाहिजे, दुसऱ्या खाचेतून जाता कामा नये, तरच ती ताटात. नापास चकत्या कलावती थालीपिठात घालते. आमच्या घरी थालीपीठ फार होतं. याशिवाय ड्रेसिंगच्या प्रमाणांची वही, पानं एकशे चार, कपाटात, कुलपात.

४. देवराम म्हात्रे हा माझा मित्र. आमची बिल्डिंग उभी आहे ती त्याच्या वडिलांची भातशेती. त्याच्याशी माझा एक जुना हिशोब आहे, तो इथे मिटवतो. त्याच्या मुलाच्या, देवेशच्या हळदीला मी तीन फुटी ताट मांडलं. त्या दिवसाइतकं काटेकोर काम माझ्या हातून पुन्हा झालेलं नाही. ताट मांडवात ठेवून मी हात धुवायला गेलो. त्यांच्यात हळदीला धवलारीण तांदळाच्या पिठाचा चौक घालते आणि धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते. देवरामची आई लक्ष्मीआजी स्वतः धवलारीण, वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू. तिने ताट पाहिलं आणि म्हणाली, "कवरा सोभिवंत चौक मांडलाय. मामाचे घरशी आयला का?" मी परत आलो तेव्हा मुळ्यावर हळद, बिटावर कुंकू, मुगावर अक्षता, मधोमध सुपारी, आणि आजी धवला म्हणत होती. देवेशला शेजारी दुसऱ्या पाटावर बसवलेलं. ड्रेसिंगचा तांब्या फिरत होता आणि माणसं ते तळहातावर तीर्थासारखं घेऊन उरलेलं डोक्याला पुसत होती. त्यात तेल होतं, आणि हळदीला तेल लावतातच, त्यामुळे कोणाला संशय आला नाही.

पुजलेलं ताट खाणार कोण? सकाळी ते दिवा लावून खाडीत सोडलं. देवराम माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शेलार, तुजा सॅलड आमाला पावला रं." त्यावर मांडवभर हसले. तेव्हापासून कोपरात माझं सॅलड बघायचं असतं, खायचं नसतं, असं जे बोललं जातं, त्याचा उगम हा आहे. मी देवरामला क्षमा करतो. भरतीला पाट परत आला, तो त्याला द्यावा. आजीला दोष नाही. तिला मांडणी कळली होती.

५. कलावतीचा भाऊ प्रभाकर, राहणार मोहने. हा सर्वांना सांगतो की भावोजींना सॅलड मी शिकवलं. वस्तुस्थिती अशी की २०१५ मध्ये त्याने मला मुळ्याचं फूल करायला सांगितलं आणि ते कोबीसारखं झालं. माझ्या ताटाला तो 'सोवळ्यातलं सॅलड' म्हणतो, आणि बायकांसमोर म्हणतो. ताट आपल्याकडे यावं अशी त्याची इच्छा असल्याचं कलावतीच्या बोलण्यातून मला समजलं. वकिलांनी मला सांगितलं आहे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्याला साक्षीदार करू नये, उगाच वाद होतात. म्हणून पहिला साक्षीदार प्रभाकर. दुसरा देवराम; त्याला मिळणारा पाट खाडीतून परत आलेला आहे, तो मिळकत धरू नये.

६. मुलगा विनीत याला ताटात रस नाही. मी विचारलं तेव्हा मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "पप्पा, ऑर्डर करू ना, अर्ध्या तासात येतं." त्याला माझं घड्याळ आणि अर्धा तास.

७. सून सौ. ऐश्वर्या, माहेर कल्याण. हिला वरीलपैकी काहीही देऊ नये. कारण सविस्तर देतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारा तऱ्हेवाईक होता.

२१ एप्रिल २०२४, रविवार, आमच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. छत्तीस बायका. मी कैरीचं ड्रेसिंग केलेलं, ताट गौरीच्या डाव्या हाताला. प्रत्येक जण आली, वाकून पाहिलं, फोटो काढला, 'अगंबाई, मोडवत नाही हो' म्हणाली, आणि आंब्याची डाळ आणि पन्हं घेऊन गेली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. समाधान वाटत होतं. साडेसहाला ऐश्वर्या आली. तिने बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, तांब्या ताटावर उपडा केला आणि दोन्ही हातांनी सगळं कालवलं. सगळं. बीट मुळ्यात, मूग पेरूत. मी फक्त तिचं नाव घेतलं, पण मोठ्याने. ती म्हणाली, "बाबा, सगळ्या जणी बघून निघाल्यात. कोणी खायला नको का?" आणि द्रोण भरून वाटायला लागली.

दहा मिनिटांत पाट रिकामा झाला. दोघींनी बोटं चाटली. एकीने मला कृती विचारली, मी सांगितली नाही. रिकाम्या पाटाला मी नुकसान धरतो. त्या दिवसापासून मी सुनेशी बोललेलो नाही. ती दोन हात अंतरावर उभी असते आणि मी म्हणतो, "कलावती, सुनेला सांग, दार लाव." तीही कमी नाही. म्हणते, "आई, बाबांना सांगा, लावलंय." कलावती दोघांकडेही बघत नाही, भाजी निवडते. मागच्या आठवड्यात म्हणाली की ऑपरेशन झाल्यावर मला शुद्ध येईल तेव्हा पहिला निरोप कोणी कोणाला सांगायचा, ते आत्ताच लिहून ठेवा. ते कलम मी करणार नाही.

८. सबब, लायक वारस नसल्याने असे ठरवतो की ताट माझ्याबरोबर बंद व्हावं. वही माझ्याबरोबर जाळावी. सुऱ्या आणि गेज कारखान्यात परत करावं. १९ तारखेच्या पोपटीत लोकांनी कांदा फोडून खावा.

(इथपर्यंत जेवणाआधी लिहिलं. पुढचं कलम दुपारी अडीच वाजता लिहीत आहे.)

९. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेपर्यंत पथ्य दिलं आहे. तळलेलं बंद, चिकन बंद, दोन्ही जेवणांत सॅलड. मी विचारलं, कोणतं. ते म्हणाले, कोणतंही, काकडी-टोमॅटो. मी फाइल मिटून घेतली.

आज दुपारी ताटाशेजारी एक वाटी आली. आणून ठेवली ऐश्वर्याने. कालवलेली. मी पंख्याकडे पाहिलं. कलावती म्हणाली, "अहो, वहीतलंच आहे, पान सत्तावीस, तिळाचं." वही कुलपात असते आणि किल्ली कलावतीकडे असते, हे मला त्या वेळी नव्याने लक्षात आलं. भूक होती आणि दुसरं काही मिळणार नव्हतं. मी खाल्लं.

इथे एक गोष्ट शपथेवर कबूल करतो. अकरा वर्षांत मी माझ्या सॅलडची एकही वाटी खाल्लेली नव्हती. ड्रेसिंगचा थेंब मनगटावर घेऊन चाखायचो, चकत्या मोजायचो, ताट मांडायचो, लोकांनी धक्का लावू नये म्हणून शेजारी उभा राहायचो. आणि सगळे उठले की देवरामच्या मडक्यातलं चिकन घेऊन बसायचो. लोकांना पाला दाखवून मी स्वतः काय खात होतो, ते माझ्या अँजिओग्राफीत दिसतं. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा मी आनुवंशिक म्हणून सांगितलं. माझे वडील एक्याण्णवाव्या वर्षी गेले, आणि तेही पायऱ्यांवरून पडून.

वाटीबद्दल. चकत्या २.५ च होत्या, एकही नापास नव्हती. बिटाचा रंग पेरूला लागला होता. तीळ मुळ्याला चिकटला होता, आणि सुट्ट्या मुळ्याला जे कधी जमलं नाही ते तिथे जमलं होतं. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही. तळाशी आलो तेव्हा जीभ आकसली आणि तोंडातून निघून गेलं, "लिंबू जास्त आहे."

कलावतीचा हात भातावर थांबला. आठ महिने बावीस दिवसांनी मी सुनेला थेट काहीतरी सांगितलं होतं, आणि ती तक्रार होती.

ऐश्वर्या म्हणाली, "वहीप्रमाणेच आहे, बाबा. बारा मिली. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मलाही जास्त वाटलेलं."

"पहिल्यांदा कधी केलंस?"

"दिवाळीपासून करतेय. डब्याला नेते. ऑफिसात संपतं."

"मग लिंबू कमी का नाही केलंस?"

"तुमची वही आहे ना. तुम्ही कधीतरी खाल, मग सांगाल, म्हणून थांबले."

मी दुसरी वाटी मागितली. सुनेकडे मागितली, मध्ये कोणी नव्हतं.

त्यामुळे असे ठरवतो की वही, सुऱ्या, व्हर्नियर आणि गेज सौ. ऐश्वर्या हिला. १९ तारखेचं ताट तिने मांडावं, आणि मी घरी आलो नाही तर पुढचीही सर्व. आलो तरी तिनेच मांडावं. मी काकडी चिरून देईन. प्रभाकर मदतीला आल्यास त्याला मुळ्याजवळ उभं करू नये. ताट किती वेळ बघू द्यायचं आणि कधी कालवायचं, याबाबत मी एक अट लिहायला घेतली होती. दोन शब्द लिहिले आणि सोडून दिली. ते तिला कळतं.

१०. खाडाखोडीची नोंद. कलम ७ मधलं 'काहीही देऊ नये' हे वाक्य आणि कलम ८ पूर्ण रद्द. ७ मधली हकीकत तशीच ठेवली आहे, कारण ती खरी आहे. वहीच्या पान २७ वर लिंबाचा रस १२ मिली खोडून ८ मिली केला आहे. अकरा वर्षांतली ही पहिली खोड. आकडा ऐश्वर्याच्या हाताचा आहे, बाजूला सही माझी आहे.

हे सर्व मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं, आणि साक्षीदारांसमोर सही करतो. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली.

सही: महिपत धोंडीबा शेलार

साक्षीदार १: प्रभाकर, मोहने. (कलम ५ वाचलं. मुळ्याचं फूल बरं झालं होतं. सही केली.)

साक्षीदार २: देवराम म्हात्रे, कोपर. (पाट घेईन, पन घाई नाय.)

ठिकाण: कोपर, डोंबिवली पश्चिम
दिनांक: १२ जानेवारी २०२५, रविवार, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे