एकादशीचं सारवण

पौष व. ४, शके १७८६. अकोला.

"बाहेर बसलेल्या बाईले डोये असतात, तोंड नसते." सासूबाईंचं वाक्य. अंजनगावी, लग्नानंतर पहिल्यांदा बाहेरची झाले तेव्हाचं. परसात गाय वाळवणाचे पापड खात होती, मी मागच्या पडवीतून ओरडले आणि पुढे ओसरीवर पाहुणे बसलेले. पापड गेलेच, वर हे ऐकलं. त्याला तीस वर्षं झाली.

आज पानावर बसल्यावर हे म्हणाले, "त्या महादू गाडीवानाला फाशी सांगितली." मग म्हणाले, ताक आण. आणलं. वाढताना एक थेंब सांडला नाही. आता त्याचंच वाईट वाटतंय.

हैदराबादेहून मंजुरी यायची आहे. तोवर त्याला इथल्या तुरुंगात आणून ठेवलाय. ह्यांची अकोल्याच्या कचेरीत बदली झाली तेव्हा वाटलं होतं, ते सगळं अमरावतीतच राहिलं.

पौष व. ५

सकाळपासून तेच तेच मनात. एकदा जसं झालं तसं लिहून काढते, म्हणजे तरी

कार्तिकातली गोष्ट. अमरावतीच्या घरी ओसरीलगतच्या खोलीत कापसाचा दलाल उतरला होता, हरिशेट. नवमीला सकाळी मी ओसरी सारवली. ओली होती तेवढ्यात महादू आला. कापूस ओला आहे म्हणून शेटनं त्याची गाडी परत लावली होती, ते भांडायला. सरळ आत पाय टाकला.

मी ओरडले, "डोळे फुटले का रे? ओलं आहे!"

तो उडी मारून मागे. "चुकलो माय. पुसून देऊ का?"

"नको बाबा, दुसरा पाय पडेल."

हसला. मीही हसले. शेटच्या दाराशी डाव्या पायाचा ठसा उमटला, करंगळी नसलेला. म्हटलं, राहू दे, उद्या सारवताना जाईल.

त्याच दुपारी बाहेरची झाले. चार महिन्यांनी. मला वाटलं होतं आता ते संपलं. हे एलिचपूरला गेलेले. घरात वन्सं आणि मी. वन्संची कंबर धरलेली, त्यांनी चूल कशीबशी सांभाळली. सारवण कोण करणार? दशमीला झालं नाही, एकादशीलाही नाही.

एकादशीला सकाळी वन्सं देवळातून आल्या तो शेटच्या खोलीचं दार उघडं. शेट मेलेला. डोक्यात लोखंडी वजन घातलेलं. फौजदार आला, माणसं जमली. हे दुपारी आले ते थेट त्या गर्दीतच. फौजदारानं ठशाकडे बोट दाखवून विचारलं, हे सारवण कधीचं. हे म्हणाले, "ब्राह्मणाचं घर आहे, आज एकादशी. सारवल्याशिवाय राहील का?" आणि मधल्या दाराशी येऊन, "सकाळी सारवलं ना?"

मी मागच्या पडवीत. म्हटलं, हो.

कचेरीचे मुनशी म्हणून ह्यांनीच ते लिहून घेतलं. मी घरात शिवत नाही हे त्यांना नंतर कळलं. तोवर कागद फौजदाराच्या हातात. त्यांनी काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही.

पौष व. ६

कालचं वाचलं. एक राहिलं. ठसा त्यांनी जमिनीसकट खणून काढला. पाटावर ठेवून, वर ओलं फडकं घालून कचेरीत नेला. साहेबाला फार कौतुक, असं हे सांगत होते. ओसरीला परातीएवढा खड्डा पडला. चौथ्या दिवशी न्हाऊन मीच तो मातीनं भरला, वरून सारवला, हात फिरवून सारखा केला. कोणाला कळणार नाही इतका सारखा.

आणि दुसरं. दोन दिवसांचं सारवण पांढुरकं पडतं, कडा सुटायला लागतात. सकाळचं असेल तर दुपारीही बोट लावलं की खालून गार लागतं. कोणतीही बाई पाहताच सांगेल. कचेरीत इतके शहाणे बसलेले, एकानंही जन्मात कधी सारवलं नसेल.

महादूनं मारलं नाही, असं मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही. भांडण झालं होतं, चार जणांनी ऐकलं. पण बाकी सगळं ऐकीव. फाशी त्या पावलावर आहे, ते एकादशीचं ठरलं म्हणून. आणि पाऊल माझ्या 'हो'वर.

पौष व. ८

ती आली होती. महादूची बायको, येसू. अंगणात उकिडवी बसली. हे कचेरीत.

"मुनशीजीच्या घरच्या माय तुमीच ना जी? त्यानं सांगतलं, त्या मायले इचार. तिनं नवमीलेच मले हाकललं होतं. कचेरीत बी तो तेच बोलला. कोनी आयकलं नाई. म्हनलं, मंग आपनच जाऊ."

कचेरीत तो असं म्हणाला होता, हे मला माहीत होतं. ह्यांनीच सांगितलं होतं. आमच्या घरच्या बायका कचेरीत येत नाहीत, जबानी लिहिलेली आहे, असं उत्तर दिलं, तेही सांगितलं होतं. तेव्हा मी कितीतरी दिवस दाराकडे कान देऊन होते. कोणी विचारायला यावं म्हणून नाही. येऊ नये म्हणून.

येसू बोलकी. "लगनात मी पयले त्याच्या पायाकडंच पायलं, माय. चारच बोटं! बाभूय तोडताना कुऱ्हाड बसली म्हने. मी म्हनलं, बोट कमी तं काम बी कमीच करन हा. तं कायचं, बैलावानी राबते." हसली, आणि पदर तोंडाला लावला.

मग, "तुमाले आठवते ना, माय?"

म्हटलं, "फार दिवस झाले. नाही आठवत."

"आठवा नं. मी बसून राह्यते."

बसून राहिली. उन्हं भिंतीवरून उतरेपर्यंत. वन्संनी भाकरी-पिठलं बांधून दिलं. मी आत तांदूळ निवडत होते. निवडलेले पुन्हा निवडले.

पौष व. ९

वन्सं म्हणाल्या, "साऊ, तुला आठवतं."

"हो."

"मलाही आठवतं. मग? तुझं ते कचेरीत वाचून दाखवतील. कारकून पान चघळत ऐकतील. माझ्या भावाच्या ताटाखालचे लोक ते. उद्या रस्त्यात त्याच्याकडे बघून हसतील."

बरोबर आहे त्यांचं. मला राग आला नाही. त्या हसण्याला मीही तेवढीच भिते.

वन्संनी मग हळूच विचारलं, "फाशी देतात ती कशी देतात गं? लवकर होतं का?" आणि उठून गेल्या.

पौष अमावास्या

पेटीत तळाशी कार्तिकातली वही. हे समजतात मी वह्यांमध्ये रामनाम लिहिते. पहिली दोन पानं लिहितेही.

का. शु. ९: "ओसरी सारवली. शेटकडचा गाडीवान ओल्यात शिरला, पाऊल उमटलं. ओरडले, मग हसू आलं. दुपारी ●."

● ही माझी खूण, त्या दिवसांची.

शु. १०: "सारवण नाही. वन्संची कंबर."

शु. ११ला नुसतं एवढंच: "हो म्हटलं."

म्हणजे त्याच दिवशी कळलं होतं मला. नंतर सुचलं, लक्षात आलं नाही, बाई गांगरून जाते, असं जे मी स्वतःला सांगत होते, ते सगळं खोटं. माझ्याच अक्षरात.

माघ शु. २

येसू पुन्हा. या वेळी तिनं काही विचारलं नाही. तुरुंगातून परत चाललेली, पाणी मागितलं. दिलं. पिऊन होईपर्यंत उभी राहिले, मग म्हटलं, "मला आठवतं. नवमीला आला होता. पाऊल तेव्हाचं."

तिनं तांब्या खाली ठेवला.

"मंग तवा काहून नाई सांगतलं?"

सांगितलं. तिला कळेल असं वाटलं, बाईच आहे. मी बाहेर होते, दोन दिवस सारवलं नव्हतं, पुरुषांसमोर ते कसं

ती माझ्याकडे बघतच राहिली. "एवढ्यासाठी? आमी तं त्या दिवसात बी वावरात निंदाले जातो, माय."

रागावली असती तर बरं झालं असतं. भांड नवऱ्यासाठी, म्हणावंसं वाटलं. तिनं तांब्या विसळून उपडा घातला आणि पदर खोचत गेली. फाटकाशी वळून म्हणाली, "पुढं तुमची मर्जी जी."

जी म्हणाली. अजून.

माघ शु. ३

सांगितलं ह्यांना. सुपारी कातरत होते.

"इकडे एक सांगायचं होतं. अमरावतीच्या एकादशीचं."

अडकित्ता थांबला. "सांगू नकोस." मग अडकित्ता खाली ठेवून, "सांग."

सगळं ऐकलं. ओरडले नाहीत. ओरडत नाहीतच कधी. म्हणाले, "मला तेव्हाच कळायला हवं होतं." पुन्हा, "कळलंच होतं." मग उठून अंगणात गेले. गेल्या तीस वर्षांत ह्यांना इतकं म्हातारं पाहिलं नव्हतं. वाटलं पाठीवर हात ठेवावा. ठेवला नाही. कुठल्या तोंडानं?

माघ शु. ५

ह्यांनी विचार केलाय. मंजुरीचे कागद अष्टमीच्या टपालानं हैदराबादेस जातील, त्याआधी साहेबाला अर्ज द्यायचा. माझ्या नावानं, अक्षर ह्यांचं. मजकूर: कार्तिकात मला ताप होता, शुद्ध नव्हती, दोन दिवस सारवण झालं नाही, फौजदारापुढे चुकून हो म्हटलं.

इतकं तरी करतील, असं मला वाटलं नव्हतं. डोळे भरून आले. अर्ज दोनदा वाचला. सुंदर अक्षर.

मग म्हटलं, "ताप होता तर तीन महिने गप्प का, असं विचारतील."

"विचारतील."

"काय सांगायचं? तापाची कोणाला लाज वाटते?"

ह्यांनी कागद माझ्या हातून घेतला, घडी घातली. "एवढं साहेब विचारणार नाही."

"साहेब नाही विचारणार. शिरस्तेदार विचारेल." साहेबाकडे जाणारा कागद आधी शिरस्तेदार वाचतो, आणि तो शेटचा सोयरा, हे सगळ्या कचेरीला माहीत. तो हा अर्ज फाडून हातात देईल. मुनशीनं फाशीच्या आसामीसाठी बायकोला ताप आणला, म्हणेल. मग खरं सांगितलं तरी कोण ऐकणार?

"मग काय लिहू? ते लिहू?" ह्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. "माझ्या हातानं? माझ्या बायकोचं?"

ह्यांचीही लाज माझ्याएवढीच, हे इतक्या वर्षांत मला कळलं नव्हतं. मला वाटे ती फक्त आमची असते.

माघ शु. ६

अर्ज दिलेला नाही. दप्तरात तसाच आहे, मी पाहिला.

बाजारातून कापसाच्या गाड्या जातायत, बैलांच्या शिंगांना चांदी. सगळ्या वऱ्हाडाला भावाचं वेड लागलंय. गाडीवानाला शिंक आली, अपशकुन झाला, तरी गाडी थांबत नाही, असं शेजारीण म्हणाली. मी त्यांच्या पायांकडे पाहत राहिले. सगळ्यांना पाच बोटं.

वन्सं दिवसभर जपाची माळ ओढत होत्या. संध्याकाळी जवळ येऊन म्हणाल्या, "माझी साक्ष लागली तर मी देईन. म्हातारीला काय." एवढंच. मग डाळ भिजत घालायला गेल्या.

माघ शु. ७. रथसप्तमी.

हे अंघोळीला गेलेत. तेवढ्यात लिहून घेते.

ताप लिहायचा नाही. काहीच लिहायचं नाही, लिहिलेलं आहे. कार्तिकातली वही त्यांच्या दप्तरावर ठेवली आहे, धुतलेल्या फडक्यात. त्या तीन पानांच्या कडा दुमडून ठेवणार होते. मग वाटलं, नको. फाडलेलं, दुमडलेलं दिसलं की शिरस्तेदार म्हणेल, आता लिहिलं. वही जशी आहे तशीच जायला हवी. रामनामासकट. सगळी.

म्हणजे ह्यांनाही सगळी वाचावी लागेल. तीत त्यांच्याबद्दलही आहे. ते एलिचपूरला जातात तेव्हा घर मोकळं वाटतं, असं एका ठिकाणी आहे. परत येतात त्या दिवशी मी उगाच दोनदा वेणी घालते, असंही आहे. दोन्ही खरं. कोणत्या पानाची जास्त लाज वाटेल, सांगता येत नाही.

ते नाही म्हणतील. नोकरी जाईल, म्हणतील. जाईलही. घरातली वही कचेरीत, बायकोच्या खुणा शिरस्तेदाराच्या बोटाखाली. कोणता नवरा हो म्हणेल? मी त्यांच्या जागी असते तर म्हटलं असतं का?

टपाल उद्या निघतं.

पाण्याचा आवाज थांबला. आता अंग पुसत असतील. संध्या होईल, मग दप्तराला हात घालतील. तेव्हा म्हणणार आहे, दाराआडून नाही, समोर उभी राहून:

"आधी इकडून वाचावी. मग आजच साहेबांच्या हातात द्यावी. शिरस्तेदाराच्या नाही, साहेबांच्या."