गुडघ्याचे एक्स-रे

क्वीन्सटाउन, सिंगापूर
१३ जून २०२५

चि. राणीस,
बाबांचा सप्रेम जयभीम.

मी उज्ज्वलकडे बरा आहे. गुडघा तसाच. घर बाराव्या मजल्यावर, वारा फार. खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातलेला कपडा कोणाच्या डोक्यावर पडला तर दंड होईल, ही धास्ती दिवसभर असते. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. सातवीच शिकलेला माणूस, चुकलं तर सांभाळून घे.

आपली कादंबरी, उज्ज्वलची लेक, शाळेसाठी जुन्या रशियातल्या सरदार घराण्यांच्या बायकांवर लिहिते आहे. मला वाचून दाखवते, अर्धं इंग्रजीत. त्या बायकांच्या नावावर गावंच्या गावं असत म्हणे, नवऱ्याला न विचारता विकताही येत. पण वेगळं राहायचं, दूर कुठे जायचं, तर नवऱ्याच्या परवानगीचा कागद लागे. मी म्हटलं, एवढी जमीन असून कागदावाचून अडल्या? ती इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "सेम ॲज आत्या, लाह. तिचा इथे राहायचा पास पण काकांच्याच नोकरीवर आहे ना."

पोरांना घरातलं सगळं कळतं.

त्यातल्या एका बाईने माहेरी पत्र टाकलं, मला इथून सोडवा. बापाने कळवलं, तिथेच राहा. कादंबरी विचारते, "आजोबा, तो हर फादर ना? मग प्रीतमकाका... आय मीन, त्या नवऱ्याच्या साइडला का?"

मी दूध तापवायला उठलो.

तुझी डिग्री हरवलेली नाही. मी नागपूरहून निघताना तू फोनवर सांगितलंस, तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात नोकरी मिळते आहे, स्वतःचा पास होईल, मूळ कागद घेऊन या. त्याच संध्याकाळी प्रीतमरावांचा फोन आला. म्हणाले, बाबा, कागद आणू नका, ती वेगळी राहील. मी आणला, पण तुला सांगितलं, कपाटात सापडला नाही. तीनदा विचारलंस, तीनदा तेच. शेवटी वर तुलाच बोललो, नवऱ्याचं घर धरून राहा. परक्या देशात एकटी कशी राहशील, आजारी पडलीस तर कोण बघेल, वस्तीत लोक काय म्हणतील, हेच डोक्यात. तू तिथे कशी राहतेस, ते विचारलंच नाही.

हे पाकीट कादंबरीबरोबर पाठवतो. वर माझे गुडघ्याचे एक्स-रे निघतील, त्यांच्यामागे डिग्री आहे. तीन महिने तिथेच होती. मी लॅमिनेशन केलं म्हणून तू तेव्हा रागावली होतीस. खरंच त्यामुळे चालत नाही का? ऑफिसात आजच विचार. कागद द्यायचा सोमवार शेवटचा दिवस, असं उज्ज्वल म्हणाला.

प्रीतमरावांना मी आज सकाळी सांगितलं आहे की कागद तुझा होता, तुला दिला. त्यांनी फोन ठेवला.

एक्स-रे तुझ्याकडेच राहू दे. पुढच्या महिन्यात डॉक्टर मागतील. तेव्हा तू जिथे राहत असशील तिथला पत्ता कळव, घ्यायला मी येईन.

तुझाच बाप,
शिवदास