मांडीखालचा हात

सरावली, रविवार, सायंकाळ

माझ्या कंपवाताची नोंद घेण्यासाठी मनगटाला घड्याळ बांधून गेलेल्या संशोधक बाईंचा आज फोन आला. "आजोबा, काल संध्याकाळी हात अगदी शांत होता! काय केलंत?"

काय सांगणार? काल नातीला पाहण्यास तलासरीचे पाहुणे आले होते. सूनबाईने आधीच बजावले, "बाबा, हात मांडीखाली दाबून बसा. घराण्यात रोग आहे म्हणतील." बसलो. निरोपाचा नारळ देण्याचा मान माझा. पण नारळ माझ्या धाकट्या भावाने दिला. मी मात्र मांडीखाली हात...

बाईंना म्हणालो, "औषध लागू पडले असावे." असत्य बोललो. त्या आनंदल्या.

पाहुण्यांचा होकार आला आहे. सूनबाई म्हणाली, "साखरपुड्यालाही तसेच बसा हं, बाबा."