छताच्या फळीवरची तलवार

त्सुयामा, ३ जून १९६८

ती. तोशिहारुदादास,
धाकट्या मिसाओचा सा. न. वि. वि.

छत गळत होतं म्हणून मागच्या खोलीची फळी काढली, तर वर तेलकट कागदात गुंडाळलेली बाबांची पलटणीतली तलवार निघाली. शरणागतीच्या वेळी बंदरावर स्वतःच्या हातांनी दिली, असं बाबा आपल्याला सांगत आले. त्यांना विचारण्यात अर्थ नाही. काल त्यांनी मला माझंच नाव विचारलं.

शेजारच्या ओरिएबाई म्हणतात, आधी पोलिसात कळव. मलाही तेच बरं वाटतं. घरात विसरभोळा म्हातारा आणि त्यात हे. पण तीस वर्षं तू तलवारींच्या मागे आहेस. तुला न विचारता दिली असती तर जन्मभर बोलून दाखवलं असतंस. सध्या माझ्या खोलीतल्या कपाटात गाद्यांमागे ठेवली आहे.

सुलेखनाच्या वर्गाला यंदा अठरा मुली आहेत. बोटांना शाईशिवाय दुसरा रंग माहीत नाही. वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी मिसाओ

सेंदाई, ७ जून

चि. मिसाओस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. पोलिसांकडे मुळीच जाऊ नकोस, निदान अजून नको. तपासणीत हाती घडवलेलं पातं ठरलं तर नोंद होते आणि तलवार घरात राहते. कारखान्यातलं ठरलं तर वितळवायला नेतात. बाबांची तलवार भट्टीत जाऊ द्यायची का? आधी काय आहे ते आपण बघू.

मुठीत बांबूची लहान खुंटी असते. ती लाकडी ठोकणीने हळूच बाहेर काढ, मग मूठ सुटेल. आतल्या गंजक्या भागावर घडवणाऱ्याचं नाव आणि शिक्के असतात. पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घास आणि ठसा मला पाठव. तुझ्या हाताचा ठसा म्हणजे काही बघायला नको, लहानपणी माझ्या वहीवरची अक्षरंही तूच काढायचीस.

बाबांच्या नजरेस पडू देऊ नकोस. आठवण ठेवावी.

तोशिहारु

त्सुयामा, १६ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

ठसा सोबत आहे. नावाची पाच अक्षरं आणि वर मसुराएवढं साकुराचं फूल. फूल पुसट येत होतं म्हणून तीनदा काढलं, तिसरा पाठवते. खुंटी मात्र काढताना चिरली. जेवणाच्या काडीचा तुकडा तासून बसवला आहे, घट्ट दिसतो. तुझ्या संग्रहाला चालत नसेल तर रागावू नकोस.

आता कळव काय ते. गाद्या काढताना दर वेळी हात थबकतो. ओरिएबाई रोज विचारतात आणि मी रोज विषय बदलते.

बाबा छान आहेत. दुपारभर अंगणात बसून मुंग्यांना भात घालतात. अशीच ओढ असू द्यावी.

मिसाओ

सेंदाई, २१ जून

चि. मिसाओस आशीर्वाद.

ठसा सुरेख आला आहे. पण जाणकार माणूस एका बाजूवरून मत देत नाही. दुसऱ्या बाजूचाही काढ. मी ऑगस्टात ओबोनच्या, पितरांच्या सणाच्या सुटीत येतोच आहे, तोवर ती पोलिसांकडे जाता कामा नये, एवढं माझ्यासाठी कर. आजवर कधी काही मागितलंय का तुझ्याकडे?

सोबत लवंगेच्या तेलाची बाटली आहे. पावसाळी हवेत पातं गंजेल. जुनं तेल मऊ कागदाने पूस आणि हे पातळ लाव. तुझी वहिनी म्हणते, एवढी काळजी माझी घेतली असती तर! चालायचंच.

तोशिहारु

त्सुयामा, २ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

दुसऱ्या बाजूला काहीच नाही, नुसते कानशीचे ओरखडे. तरी ठसा पाठवते.

तेल लावलं त्या दिवसापासून घर बदललं आहे. मी खोलीबाहेर आले तर बाबा ओसरीवर ताठ उभे. हवेत दोनदा हुंगलं आणि मला विचारलं, माझी तलवार कोणी उघडली. आवाज असा की मी मागे सरले. मी म्हटलं, जेवणात लवंग होती.

तेव्हापासून मुंग्या संपल्या. सकाळी स्वतः दाढी करतात. तोफू विकणाऱ्याला काल फाटकात उभं करून पलटण विचारली. तोही बिचारा सलाम ठोकून गेला, ओरिएबाई आणि मी हसलो. पण ज्याने उघडली त्याला समोर आणा, हे त्यांनी आज तीनदा सांगितलं आणि तेव्हा मला हसू आलं नाही. मला भीती वाटते, दादा. माझी खोली ते रोज हुंगतात. पोलिसात जाऊ दे ना मला. उलट टपाली हो म्हण.

मिसाओ

सेंदाई, ६ जुलै

चि. मिसाओस आशीर्वाद.

बाबांचं जुनं वेड आहे, दोन दिवसांत विसरतील. तलवार ओरिएबाईंच्या कोठीत हलव, पण पोलिसात नको.

आज मागची पत्रं चाळताना जेवणाच्या काडीचं वाचलं. तेव्हा मी ठसाच बघत बसलो होतो. काडी अजिबात चालत नाही. पातं मुठीला त्या एका खुंटीने धरलेलं असतं. कोणी उगारली तर काडी तुटेल आणि पातं निसटेल. हे मिळताच मूठ सुतळीने बांध आणि कोणाला हात लावू देऊ नकोस.

तोशिहारु

त्सुयामा, १४ जुलै

श्री. तोशिहारु यांस,
शेजारीण ओरिए हिचा स. न. वि. वि.

मिसाओ सांगते तसं, तिच्याच शब्दांत लिहिते आहे. माझं अक्षर गोड मानून घ्या. तार करू नका असं तिनेच बजावलं होतं.

आठ तारखेला सकाळी मी तुझ्या पत्राची वाट बघत फाटकात होते. वळले तर बाबा अंगणात, कमरेला पट्टा, हातात माझ्या कपाटातली तलवार. चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. मी मागून गेले, हळूच हाक मारली. त्यांनी ती डोक्यावरून पार पाठीमागे नेली आणि काडी तुटली. पातं त्यांच्या मानेवर येत होतं. पडतं ताट धरतो तसं मी ते उजव्या हाताने धरलं. तुझं पत्र त्याच दुपारी आलं.

बाबांना खरचटलंही नाही. नुसती मूठ हातात घेऊन उभे होते. मला बघून म्हणाले, बाई, तुम्हाला लागलंय. आता परत मुंग्यांना भात घालतात. माझी चार बोटं डॉक्टरांनी शिवली आहेत, पण शिरा गेल्या. मिटणार नाहीत म्हणाले. मुलींना वर्ग बंद म्हणून कळवलं आहे.

पोलीस गावातल्या म्हाताऱ्या पाणीवाल्याला घेऊन आले होते, तलवारींना धार-पाणी करतो तो. त्याने चष्माही लावला नाही. म्हणाला, साकुराचं फूल आहे, कारखान्याचा माल, याची नोंद कधीच होत नसते, शिकाऊ पोरालासुद्धा एवढं कळतं. तलवार वितळवायला गेली.

दादा, पहिल्या बाजूचा ठसा तुझ्याकडेच आहे. त्यातलं फूल बघ. पुसट राहू नये म्हणून मी ते तीनदा काढलं होतं. तो जपून ठेव, माझ्या उजव्या हाताचं तेवढंच तुझ्यापाशी राहिलं आहे.

ओबोनला येऊ नकोस. बाबा कोणाला ओळखत नाहीत, आणि मला ओळख दाखवता येणार नाही.

माया असू द्यावी, हे तिने आज सांगितलं नाही, म्हणून लिहिलेलं नाही.

मिसाओकरिता,
ओरिए