लोक बघतात तेव्हा

रामघाट, वाराणसी
८ सप्टेंबर २०२५

प्रिय काका,

तुम्हाला आणि गीताकाकूला इथूनच वाकून नमस्कार. पत्र बघून दचकू नका. फोन केला की तुम्ही "बरंय, बरंय" म्हणून तो काकूच्या हातात देता, म्हणून यावेळी कागद. हाही काकूच्या हातात द्या, पण आधी वाचा.

इकडे सगळं ठीक. गंगा उतरली, घाटावर गुडघाभर गाळ ठेवून गेली. पंप लावून धुणं चाललंय. आईची कंबर बरी आहे. बाबाही ठीक आहेत. पितृपक्ष सुरू झाल्यामुळे गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. बाबा मात्र यंदा घरीच असतात. पायऱ्या घसरड्या झाल्यात ना, म्हणून.

खरी बातमी ही की मी फिजिओथेरपीला पुन्हा अर्ज केलाय. त्याच लखनऊच्या कॉलेजात. सोळा तारखेला मुलाखत. आई म्हणते, "एकदा नाही म्हणाले ना? मग परत कशाला तोंड दाखवायचं?"

मागच्या वर्षी का नाही म्हणाले, हे मी घरात कुणालाच नीट सांगितलं नाही. मुलाखतीला तिघं होते. मधल्या मॅडमच्या खुर्चीला काठी टेकवलेली. त्यांनी विचारलं, "फिजिओथेरपी का?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं. लोकांना बरं करायचंय वगैरे. मग त्या उठल्या, खिडकीपर्यंत लंगडत गेल्या आणि परत आल्या. "काय दिसलं?" मी उत्साहाने म्हणाले, "मॅडम, तुम्हाला सरळ चालता येईल. मेहनत घेतली तर अगदी ठीक होईल." त्या हसल्या. "मुझे ठीक होना है, ये आपसे किसने कहा?"

मुलाखत तिथेच संपली.

आधी राग आला. मग राग गेला आणि प्रश्न राहिला. खरंच, कुणी सांगितलं होतं मला? तेव्हापासून मी विचारत सुटलेय. दुपारी इथल्या लंका भागातल्या एका छोट्या दवाखान्यात जाते, पट्ट्या गुंडाळते, शेकाच्या पिशव्या भरते आणि येईल त्याला विचारते, तुम्हाला काय करायचंय? एका आजींचा खांदा आखडला होता. सगळे त्यांचा हात वर न्यायच्या मागे. त्या मला म्हणाल्या, "अपना जूड़ा खुद बाँधना है, बिटिया. बहू बहुत खींचती है." अंबाडा स्वतः बांधता आला की झालं, हात किती वर गेला याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं!

आणि घाटावर बसले की डोकं थांबतच नाही. डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई खाली बघत नाही, मग तिला पायरी कळते कशी? चढताना लोक दम खायला सपाट जागेवर का थांबत नाहीत, तिच्या एक पायरी आधीच का थांबतात? पाण्यात उतरल्यावर म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावरचं वयच कसं जातं? तुम्हाला कधी असे प्रश्न पडतात का?

तुम्हालाही मी कधीच काही विचारलं नाही, काका. तुमच्या अधू पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचा आवाज मी झोपेत ओळखायचे, पण तो काढल्यावर पायाला कसं वाटतं, हे विचारलं नाही. आजीच्या अस्थी घेऊन सगळे खाली निघाले, तेव्हा बाबांनी वरच खुर्ची मांडली आणि म्हणाले, "काशीनाथ, तू इथेच बस, मी करतो." मी बारा वर्षांची होते. तुम्ही बसलात. संध्याकाळच्या गाडीने जबलपूरला गेलात ते गेलातच. तुम्हाला खाली यायचं होतं का, हे तेव्हा कुणीच विचारलं नव्हतं.

काका, पायऱ्यांचं मी खोटं लिहिलं.

श्रावणात एका सकाळी संध्येला बसले असताना बाबांच्या हातातून पळी पडली. उजवा हात, उजवा पाय. बोलणंही अडखळतं. हॉस्पिटलातून घरी आलेत, काठी धरून खोलीत चालतात. पण दाराशी जातात आणि परत फिरतात. माझं ऐकत नाहीत, दवाखान्यातल्या सरांचंही नाही. "काशीनाथला कळवायचं नाही," ही त्यांनी घातलेली शपथ मी आज मोडतेय.

कारण परवा ते आपण होऊन बोलले. "काशीला... विचार." मला वाटलं, गावाबद्दल काही म्हणतायत. मग म्हणाले, "लोक बघतात... तेव्हा तो काय करतो?"

म्हणून हे पत्र.

तुमची,
देवश्री

•

जबलपूर
१२ सप्टेंबर

देवश्री बेटा,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या आईला, प्रभावतीवहिनींना, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं, मग काकूला दिलं. ती रडली. मी बाजारात जाऊन आलो.

पितृपक्षात दादा घरी बसलाय, हे वाचलं तेव्हाच समजलो. त्या घरात वाढलोय मी. गाळ काय, छातीभर पाणी असतं तरी तो पिंडदानाला आलेल्या यजमानांसाठी उतरला असता.

खुर्ची तुला आठवते, याचं नवल वाटलं. इतकी वर्षं समजत होतो की ती फक्त मलाच आठवते.

प्रश्न दादाचा आहे, तर त्याने मला विचारावा. उत्तर कागदावर देण्यासारखं नाही. सोळाला सकाळी पोहोचतो. स्टेशनवर कुणी येऊ नये, आणि जिन्यात कुणी माझा हात धरायला धावू नये, एवढं प्रभावतीवहिनींना सांग.

कॅलिपर काढल्यावर पाय थंड पडतो, आणि घटकाभर तो आपला नाहीच असं वाटतं. आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मुलाखतीत काही येत नसलं तर येत नाही म्हण.

काशीनाथकाका

•

लखनऊ
२६ सप्टेंबर

प्रिय काका,

मिळालं! काल यादी लागली. मुलाखतीनंतर इथल्या मैत्रिणीकडे, रुचाकडेच राहिले, आता उद्या होस्टेलवर जाईन. तुम्ही ज्या सकाळी घरात पाऊल टाकलंत, त्या सकाळी मी इथे बाकावर बसून नखं खात होते. आपली चुकामूक झाली याची चुटपुट लागून राहिलीय.

त्याच मॅडम होत्या. "फिर आ गईं?" म्हणाल्या. मग विचारलं, पेशंट व्यायामाला नाही म्हणाला तर? मी म्हटलं, त्याला काय करायचंय ते विचारीन. "और वो कुछ न बोले?" तुमचं वाक्य आठवलं. म्हटलं, "पता नहीं, मैडम. मेरे पिताजी कई दिन कुछ नहीं बोले. मैं बस बैठी रही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "बैठकर क्या देखा?"

मग मी बोलतच राहिले. बाबा दारापर्यंत बरे जातात, गल्लीत पावलं वाजली की परत फिरतात. म्हणजे त्यांना पाय अडवत नाही, पावलं अडवतात. मॅडमनी माझ्यानंतरच्या मुलाला चांगलाच वेळ ताटकळत ठेवलं.

आता तुम्ही सांगा, आई म्हणते ते खरं का? तिचं अर्धं सांगणं हसण्यात गेलं. म्हणे बाबांनी तो प्रश्न स्वतः विचारला, आणि तुम्ही उत्तर न देता म्हणालात, "दादा, चप्पल घाल." दोन काठ्या गल्लीत निघाल्या. कोपऱ्यावरचा पानवाला टक लावून बघायला लागला, तर तुम्ही त्यालाच विचारलंत, "भैया, रामघाट किधर पड़ेगा?" रामघाटाच्याच गल्लीत उभं राहून! तो बिचारा हात लांब करून रस्ता सांगत बसला आणि पायांकडे बघायचं विसरूनच गेला. पुढच्या दुकानाशी बाबांनीही विचारलं म्हणे. माझे बाबा? ज्यांना यजमान लांबून हात जोडतात, ते?

हसताना त्यांचा चेहरा उजवीकडेही थोडा उचलला जातो का, ते नीट बघून मला लिहा.

काल रात्री बाबा फोनवर आले. बातमी ऐकून "छान" म्हणाले. मग म्हणाले, "काशीने... दसऱ्यानंतरचं तिकीट काढलंय."

मी म्हटलं, "मग राहायला सांगा ना त्यांना. सांगितलंत तर राहतील."

"सांगणार नाही," बाबा म्हणाले. "विचारतो."

काका, त्यांना वेळ लागेल. शब्द मध्येच अडतो, तेव्हा समोरच्याला तो पुरा करून द्यावासा वाटतो. तुम्ही देऊ नका.

थांबा.

तुमची,
देवश्री