तीन मोठा की दोन?

शनि. २४ सप्टेंबर २००५

किळस आली आज. तीन दुकानं फिरलो, तिन्हीकडे तोच तमाशा. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर श.ला मिळायचं. (शरद, माझा नवरा. तोंडावर अहो-जाहो, इथे एकेरी. वही माझी आहे.) मी विचारते, हा प्रोसेसर तापतो किती? दुकानदार श.कडे बघून सांगतो, "साहेब, एकदम मख्खन." श. पतपेढीत कारकून. प्रोसेसर हा शब्द त्याने गेल्या आठवड्यात माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. तरी मान अशी डोलावत होता, की विचारू नका.

तिसरं दुकान एम.जी. रोडला, जिन्याखालचं. मालक जरा बरा वाटला. मी सांगितलं, घरी बसून डायचं थ्रीडी डिझाइन करायचंय, आणि गेम खेळायचेत. जड गेम.

"मुलगा कितवीला आहे, वहिनी?"

"मुलगा नाही. मी खेळते."

तो श.कडे बघून हसला. त्याचं सोडा, श. पण हसला!

सोम. २६ सप्टें.

अंबडला, कामावर. टूलरूममध्ये आज पुन्हा तेच. कु. साहेबांनी (कुलथे, आमचे मालक) माझ्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, जिथे डिझाइन करणाऱ्याचं नाव असतं, तिथे स्वतःची सही ठोकली. नऊ वर्षं झाली. पत्रा दाबून भाग काढणाऱ्या डाय, त्यातला एकेक पंच, एकेक छिद्र मी काढायचं आणि खाली नाव यांचं. चहात खारी बुडवत म्हणतात, "सुनंदा, बाईचं नाव बघितलं की कस्टमर बिचकतो." खारीचा अर्धा तुकडा कपात पडला. तो बोटाने काढून खाल्ला. शी.

पण संध्याकाळी गेटपाशी देवरे भेटले. आमच्या सर्वात मोठ्या गिऱ्हाईक कंपनीत ते टूलिंग बघतात. इकडेतिकडे बघून म्हणाले, "मॅडम, काम तुमचं असतं ते मला ठाऊक आहे. कुलथ्यांना ड्रॉइंग उलटं धरून दिलं तरी कळायचं नाही. एक डाय घरी करून दाखवा. अकरा टप्प्यांची आहे. सतरा ऑक्टोबरला सोमवार आहे, त्या दिवशी पाहिजे. जमलं तर पुढचं काम सरळ तुम्हाला. सॉफ्टवेअर आम्ही देतो, मशीन तुमचं."

बसमध्ये बसायला जागा होती, तरी उभीच राहिले सिडकोपर्यंत. हे जमलं नाही, तर आणखी नऊ वर्षं ती खारी बघायची.

गुरु. २९ सप्टें.

निळा खोका की हिरवा खोका. कंपन्या दोनच, मी खोक्याच्या रंगाने ओळखते. निळा ३ गिगाहर्ट्झ (सेकंदाला तीन अब्ज ठोके), हिरवा २.२. आकड्यावर गेलं तर निळा पुढे. पण कु.च्या ऑफिसात निळा तीनवालाच आहे आणि त्याच्यासमोर मी दीड वर्ष बसतेय. मोठी डाय उघडली की पंखा मिक्सरसारखा बोंबलतो. मेमध्ये दोनदा तापून बंद पडला, माझं काम पोटात घेऊन. हिरवा एका ठोक्यात जास्त उरकतो, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात. असं मासिकात आहे. मासिकांवर माझा विश्वास नाही.

म्हणून आज कामावरून परस्पर कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत गेले. तिथे गेमचे पीसी हिरवे आहेत.

"मॅडम, ईमेलचे पीसी तिकडे."

"गेमचा द्या."

तासभर रणगाड्यांची लढाई खेळले. कुठे अडकला नाही, धापा टाकल्या नाहीत. शेवटी डब्याला हात लावून बघितला, कोमट. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या टोणग्याचा रणगाडा चार वेळा उडवला. तो मालकाला हळूच विचारत होता, कोण आहे रे ही? आठवड्यातला एवढाच काय तो आनंद.

शनि. १ ऑक्टो.

जिन्याखालच्याकडे ऑर्डर दिली. देताना त्याने अक्कल शिकवलीच. "वहिनी, हा तीन, तो दोन. तीन मोठा की दोन? पहिलीतलं पोरगंही सांगेल."

मी सांगितलं, कु.कडचा तीनवाला कसा चालतो. तो श.ला म्हणाला, "साहेब, तुम्ही बघा बुवा."

सगळं माझ्या हाताने कागदावर लिहिलं, श.ने माल ताडून बघावा म्हणून. प्रोसेसर: हिरवा, २.२. खाली दोन रेघा. माल शुक्रवारी येणार. मला शुक्रवारी सुट्टी नाही, अंबडला शनिवारची. श.ची पतपेढी तिथून दोन मिनिटांवर, तो रिक्षात घालून आणेल. कागद त्याच्या शुक्रवारी घालायच्या शर्टाच्या खिशात ठेवला. वरून थोपटला पण.

बुध. ५ ऑक्टो.

लोडशेडिंग. सकाळी, परत संध्याकाळी. आई आल्या येवल्याहून (सासूबाई). घट दिरांकडे आहेत, म्हणून त्या मोकळ्या, यंदा दसरा आमच्याकडे. मी कामावर असताना माझं टेबल देवाच्या खोलीत नेलं. मला विचारलं नाही. "तिथं ऊन नाय येत," म्हणाल्या. बरोबर आहे, ऊन येत नाही. तरी विचारायचं ना.

शुक्र. ७ ऑक्टो.



घरी आले तर मशीन जोडून तयार. दुकानातला माणूस सगळं लावून गेला होता. नावाच्या जागी 'शरद' टाकून. म्हटलं जाऊ दे, बदलता येतं. गेम सुरू केला आणि पाचव्या मिनिटाला तो आवाज. मिक्सर. ओळखीचा. माउसचं उजवं बटण दाबून आतला प्रोसेसर बघितला. निळा. ३.००.

श. हसत उभा होता मागे. "त्याने मला बाजूला घेऊन सगळं नीट समजावलं. दर सारखाच आहे गं, मग कमी आकडा का घ्यायचा? तुझ्यासाठीच घेतला मोठा."

"कागद कुठाय?"

शर्टाच्या खिशात होता. घडीसुद्धा मोडली नव्हती.

याला फसवायचं नव्हतं, हे कळतं मला. त्यानेच जास्त संताप येतो. कु. निदान स्वतःच्या फायद्यासाठी करतो. हा माझ्या भल्यासाठी करतो!

जेवले नाही.

शनि. ८ ऑक्टो.

दुकानात गेले, एकटी. "बिल साहेबांच्या नावावर आहे, वहिनी. साहेबांना घेऊन या. खोके, थर्माकोल, सगळं जसंच्या तसं पाहिजे. हिरव्याचा बोर्ड वेगळा असतो, तो मंगळवारी येईल. मंगळवारी या, बदलून देतो."

म्हणजे माझा शब्द तिथे चालत नाही. घरी येऊन श.ला फक्त एवढंच म्हणाले, मंगळवारी अर्धी रजा टाका. टाकतो म्हणाला. पडलेला चेहरा करून भांडी घासली त्याने. घासू दे.

तोवर निळ्यावरच देवऱ्यांची डाय सुरू. तीन टप्पे झाले.

मंगळ. ११ ऑक्टो.

खंडेनवमी. टूलरूममध्ये प्रेस धुऊन, हार घालून बंद, दुपारी सुट्टी. धावत घरी आले, मशीन खोक्यात भरून दुकान गाठायचं म्हणून.

देवाच्या खोलीत मशीनवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, पुढे नारळ. जाळीवर झेंडूचा जाड हार. आणि रिकामे खोके, मी नीट जपून कोपऱ्यात रचलेले, त्यांच्यावरही एकेक स्वस्तिक. प्रोसेसरच्या छोट्या निळ्या खोक्यावर तर हळद, कुंकू, अक्षता, सगळंच.

आई खुशीत. "अवजारं पुजायची असत्यात आज. आमच्यात माग पुजला, की त्या दिशी धोटा हातात धरायचा नाय. तू बी आज शिवू नको याला."

चाळीस वर्षं पैठणीच्या मागावर बसून धोट्याने आडवे धागे भरलेली बाई. त्यांना वाटलं, हा सुनेचा माग. आजवर या घरात दुसऱ्या कुणाला तेवढंही वाटलं नव्हतं.

पुसायला गेले, तर कुंकू पुठ्ठ्यात जास्तच पसरलं. रिकामे खोकेच नेले दाखवायला, श.ला घेऊन; मशीन आईंच्या शब्दाखातर हारासकट घरीच. दुकानदाराने खोका लांबूनच बघितला. "छे छे, साहेब! पूजा झालेली वस्तू परत घ्यायची? ते पण आजच्या दिवशी? आणि ही डागाळलेली कुणाला विकू?"

श. हात जोडून विनवत होता. त्याला असं बघूनही मला दया आली नाही, हे लिहून ठेवते.

काउंटरवर विंचूरचे एक कांदा व्यापारी बसले होते, जाडजूड. तेही तीनवालाच मागत होते, पण स्टॉक संपलेला. मी म्हटलं, "हा घ्या. कालपरवाचाच आहे. पूजासुद्धा झालीय."

ते खोका हातात घेऊन खूश. "खंडेनवमीची पूजा? मंग तर लय भारी की!"

दुकानदाराचा चेहरा लगेच बदलला. आत्ता डाग नव्हता म्हणे. पण व्यापाऱ्याला दिवाळीपर्यंत घाई नाही, विचार करून सांगणार. दुकानदार म्हणाला, "बघू. यांनी घेतला तर तुम्हाला बदलून देऊ. मी साहेबांना फोन करतो."

साहेबांना!

बुध. १२ ऑक्टो. दसरा

पहाटे पाचला बसले. सातव्या टप्प्यावर होते, मशीन फट्कन बंद. लोडशेडिंग नव्हतं, वर दिवा चालू होता. झाकण उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्यात झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. जाळीवरचा हार आत ओढला गेलेला. आधीच तापट, त्यात ही भर. दोन तासांचं काम गेलं.

पाकळ्या चिमट्याने काढताना रडू आलं. आई दारात उभ्या. हार काढून तुळशीला घातला. मग स्वयंपाकघरातला टेबलफॅन उचलून आणला, उघड्या डब्यासमोर ठेवला आणि बटण दाबलं.

दुपारी श.ने आपट्याची पानं दिली. घेतली.

शनि. १५ ऑक्टो.

दहा टप्पे. एकच उरलाय. डबा उघडा, फॅन चालू, वीज आहे तेवढ्यात काम. दर पाच मिनिटांनी सेव्ह. गेम नाही, हिंमतच नाही. पडद्यावर डाय फिरवली की मिक्सर सुरू, मी श्वास धरून. असलं मशीन घेतात होय कुणी?

आई शेजारी पाटावर बसून गहू निवडत होत्या. कोपऱ्यातल्या चौकटीकडे बोट करून विचारलं, हे काय?

सांगितलं. इथे कुणी काढलं त्याचं नाव येतं. आजवर कु. साहेबांचं यायचं.

गहू निवडायचे थांबल्या. "एक पैठणी मी सात महिने विणली व्हती. पदरावर अठ्ठावीस मोर. दुकानात गेली आन् शेटची झाली. लोकं म्हनायची, शेटचा हात लय बारीक. शेटनं आयुष्यात धोटा धरला नाय." मग म्हणाल्या, "तुजं घाल."

श. पलीकडे पेपर वाचत होता. पान उलटायचा आवाज बराच वेळ आला नाही.

सोम. १७ ऑक्टो.

दिली. सीडी आणि कागद. चौकटीत माझं नाव, पूर्ण. देवऱ्यांनी अर्धा तास बघितलं. नवव्या टप्प्यावर एक शंका काढली, मी उत्तर दिलं, ते पटलं. "काम पक्कं," म्हणाले.

मी हवेत. मग टेबलावरून फॉर्म सरकवला त्यांनी, माझ्याकडून काम घेण्यासाठी त्यांच्या कंपनीत नाव नोंदवायचा. "इथे मिस्टरांचं नाव टाका ना. वर लवकर पास होईल. काम तुम्हीच करा, आम्हाला माहीतच आहे."

माणूस चांगला आहे. खरंच चांगला. तरी नाव न भरता फॉर्म घेऊन आले.

श.ला दाखवला. बराच वेळ वाचला त्याने. "मी काय करायचं, तू सांग," म्हणाला. लग्नाला अकरा वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा. मी म्हटलं, अजून ठरत नाही. खरंच ठरत नाही. माझं नाव टाकलं आणि वर अडलं, तर उद्यापासून परत खारी. फॉर्म उघड्या डब्याखाली दाबून ठेवलाय, फॅनने उडू नये म्हणून.

बुध. १९ ऑक्टो.

कामावर गेले नाही, पोट दुखतंय कळवलं. सकाळी मशीनसमोर बसले होते. फॉर्म पुढ्यात, पेन हातात. फॅनची घरघर.

बाहेर फोन वाजला. आईंनी उचलला. त्या फोनवर ओरडून बोलतात, समोरचा येवल्यात असल्यासारख्या.

"कोन? कॉम्पुटरवाले?... व्हय व्हय, इंचूरचं गिऱ्हाईक... साहेब?"

श. पायात बूट घालत दारातच होता. त्याने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

"हायेत ना साहेब. कामात हायेत. थांबा, देते."

आणि लांब वायर ओढत, उंबरा ओलांडून, रिसीव्हर माझ्या कानाला आणून लावला.

"बोला," मी म्हणाले.

"वहिनी, तुम्ही? साहेब कुठे आहेत?"

श. एका पायात बूट घालून तसाच उभा होता.

"बोला," मी परत म्हणाले.